खर्जातली चौथी तार

निवृत्त माणसाला घरात कुठे ठेवायचं, हा प्रश्न सुरतेतल्या उधन्याच्या मातृछाया सोसायटीत घरोघरी पडतो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच निघतं: गॅलरीत. चंद्रकांतराव खैरनार बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सुधाताईंनी गॅलरीतली तुळस एका कडेला सरकवली, वेताची खुर्ची पुसून ठेवली आणि आपल्याकडून तयारी झाली असं समजून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पहिले काही महिने ठीक गेले. चंद्रकांतराव पेपर वाचत, खालच्या रिक्षावाल्यांना पार्किंगबद्दल वरून मार्गदर्शन करत आणि जेवायला हाक मारली की येत.

मग कॅनडातल्या अजिंक्यला, म्हणजे त्यांच्या मुलाला, बाबांची काळजी वाटू लागली. कॅनडात राहून काळजी करायची म्हणजे ऑनलाइन काहीतरी मागवायचं. एक खोकं आलं. उघडलं तेव्हा दोघांनाही वाटलं, गिटार मागवली असणार आणि मापात गफलत झाली.

"परत पाठवायची का?" सुधाताईंनी विचारलं.

"युकुलेले म्हणतात याला," चंद्रकांतराव चष्मा लावून कागद वाचत म्हणाले. "हवाई बेटांवर वाजवतात."

"मग वाजवू द्या की त्यांना."

पण चंद्रकांतरावांनी ते हातात घेतलं. मांडीवर तान्हं मूल घेतात तसं घेतलं, आणि स्वतःचं मूलही त्यांनी कधी इतक्या हलक्या हाताने घेतल्याचं सुधाताईंना आठवेना. फोनवरच्या व्हिडिओत एक हसरा तरुण सांगत होता की पहिली कॉर्ड एकाच बोटाने लागते. एका बोटाने काम करायची सवय त्यांना बँकेतल्या संगणकापासून होतीच. आठवड्याभरात तीन कॉर्ड आल्या, महिन्याभरात एक जुनं हिंदी गाणं बरंचसं ओळखू येऊ लागलं. चंद्रकांतराव सकाळी लवकर दाढी करू लागले. वाजवताना पायाने ठेका धरत, चुकले की स्वतःशीच हसत आणि परत सुरुवातीपासून घेत. नवरा आनंदात आहे हे बघायला कुठल्याही बायकोला आवडतं. सुधाताईंनाही थोडे दिवस आवडलं.

एका रविवारी खमण खाता खाता ते म्हणाले, "सुधा, तुला एक सांगू? संगीत म्हणजे काय असतं ते मला आत्ता कळायला लागलंय. तूसुद्धा लहानपणी काहीतरी शिकायला हवं होतंस."

सुधाताई चटणी वाढत होत्या. ती त्यांनी पूर्ण वाढली.

"हो ना," त्या म्हणाल्या. "राहून गेलं."

लग्न होऊन त्या सुरतेला आल्या तेव्हा अमळनेरहून त्यांच्याबरोबर एक पेटी आली होती. जुनी, वडिलांनी कुणा कीर्तनकाराकडून घेतलेली, बाजारातल्या पेट्यांपेक्षा किंचित चढी. गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, असू दे, तुझा सा हाच. मुलीला कान आहे, असंही त्या म्हणायच्या, आणि बाई सहसा काही म्हणत नसत. तर लग्नानंतर पहिल्या महिन्यात सुधाताई पुढच्या खोलीत पेटी घेऊन बसल्या. चंद्रकांतराव रागावले नाहीत. ते जन्मात कधी रागावले नाहीत, ती त्यांची ख्याती आहे. ते एवढंच म्हणाले, "दिवसभर बँकेत कटकट असते गं. घरी जरा शांतता असू दे ना." पेटी जुन्या चादरीत बांधून माळ्यावर गेली. इमारतीच्या मागच्या गल्लीत कापड विणायचे लूम्स आहेत. दोन पाळ्यांत त्यांची खडखड चालते आणि खिडकीच्या काचा थरथरतात. ती चंद्रकांतरावांना आजतागायत ऐकू आलेली नाही. पुढे अजिंक्य शाळेत असताना पेटी खाली काढली तर उंदरांनी भाता संपवला होता. भंगारवाल्याकडे ती चंद्रकांतरावांनी स्वतः उचलून नेली. सुधाला ओझं नको म्हणून.

हे सगळं ते विसरले होते. मुद्दाम विसरले असते तर सुधाताईंनी माफ केलं असतं.

ते आंघोळीला गेले की सुधाताई दिवाणखान्याची धूळ झटकायच्या. त्या सोमवारी झटकता झटकता त्यांनी युकुलेलेची एक खुंटी जराशी पिळली. फार नाही, लोणच्यात मीठ कमी घालावं इतकी. चंद्रकांतराव आले, वाजवायला बसले आणि त्यांनी खोक्यातून आलेला ट्यूनर नावाचा चिमटा वाद्याच्या मानेला लावला. या चिमट्यावर एक अक्षर उमटतं आणि एक दिवा लागतो. स्वर चुकला की लाल, जुळला की हिरवा. लाल लागला. त्यांनी खुंटी पिळून हिरवा केला आणि वाजवू लागले.

"तुम्ही कानाने नाही का जुळवत?" सुधाताईंनी विचारलं.

"कान माणसाचा असतो," चंद्रकांतराव म्हणाले. "दिवा चुकत नाही."

आयुष्यभर टॅली करत आलेल्या माणसावर समोरून चाल करून उपयोग नव्हता. सुधाताईंनी चार दिवस चिमट्याचं निरीक्षण केलं आणि त्याचं व्यंग त्यांच्या लक्षात आलं. तो अक्षर दाखवतो, सप्तक दाखवत नाही. वरचा पंचम काय आणि खालचा पंचम काय, त्याला दोन्ही सारखेच. अशा शिष्याला बाईंनी दुसऱ्या दिवशी येऊ नकोस म्हणून सांगितलं असतं.

युकुलेलेची चौथी तार, म्हणजे धरल्यावर हनुवटीच्या बाजूला येते ती, गिटारसारखी खर्जात नसते. ती उंच असते, आणि म्हणून ते वाद्य छेडलं की खुदकन हसल्यासारखं वाजतं. सुधाताईंनी ती तार एक सप्तक खाली आणली. चिमट्याशिवाय, धूळ झटकायचं फडकं खांद्यावर टाकून, बाथरूममधल्या बादलीचा आवाज ऐकत. तार ढिली पडली, बनियन वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबली, पण स्वर नेमक्या जागी उतरला. केसभरही इकडेतिकडे नाही. इतक्या वर्षांनी त्यांनी एक स्वर मिळवला होता, तोही बिघडवायला. त्यांना फार बरं वाटलं.

चंद्रकांतरावांनी छेडलं. वाद्य घशात कफ झाल्यासारखं घरघरलं.

"आज आवाज भारदस्त येतोय," ते म्हणाले. चिमटा लावला. हिरवा. "तार सेट झाली. व्हिडिओत सांगितलंच होतं, नव्या तारा सेट व्हायला वेळ घेतात."

गाण्यातलं जे बरंचसं ओळखू येत होतं तेही आता येईना. चंद्रकांतराव मान डोलावत वाजवत राहिले. सुधाताई भाजी निवडत ऐकत राहिल्या आणि घरातल्या दोन माणसांपैकी त्रास फक्त एकालाच होतो आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. तार परत चढवता आली असती. पण तेवढ्यात महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस महेश वाणी आले.

"साहेब, या रविवारी संध्याकाळी आपला ज्येष्ठांचा कार्यक्रम आहे. तुम्ही नवीन काहीतरी वाजवता म्हणे."

"छे, छे. अजून शिकतोय मी," चंद्रकांतराव म्हणाले, आणि लाजले. खरोखर लाजले.

"अहो, करा ना," सुधाताई आतून म्हणाल्या. "लोकांना ऐकू द्या."

त्यांचा हिशेब साधा होता. घरात आपलं कोण ऐकतं? पण एक आख्खा हॉल आहे, त्यात कुणाला तरी कान असेलच. आपल्या तोंडाने सांगायचं नाही. चार लोकांच्या तोंडावर चंद्रकांतरावांनी ते वाचलं पाहिजे. निदान शेजारच्या जागृतीबेन येणार होत्या. नवरात्रात माइकवर गरबा गातात आणि समोरचा ढोलवाला चुकला तर तिथल्या तिथे डोळे वटारतात. सुधाताईंनी नवऱ्याचा कुर्ता कडक स्टार्च केला. शनिवारी तारेची खुंटी एकदा तपासून घेतली, जागा सुटली नव्हती.

हॉल भरला होता. दुसऱ्या रांगेत सुधाताई, शेजारी जागृतीबेन. चंद्रकांतराव माइकसमोर बसले. चिमटा लावला, चारही तारांवर हिरवा दिवा लावून घेतला, आणि सुरू झाले.

माइकने ती घरघर मोठी करून सगळ्यांना वाटली. जागृतीबेनच्या कपाळाला आठी पडली. सुधाताईंनी ती पाहिली आणि त्या खुर्चीत सरसावून बसल्या. जागृतीबेन अस्वस्थ झाल्या, त्यांनी स्टेजकडे पाहिलं, सुधाताईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"काकी, माइकमां कंईक लोचो छे."

तेच मत पुढच्या रांगेचंही पडलं. गाणं संपल्यावर टाळ्या वाजल्या. निवृत्त शाखाधिकाऱ्याला टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी आपल्याकडे पद्धत नाही. महेश वाणींनी चंद्रकांतरावांना शाल पांघरवली, हातात नारळ दिला आणि माइकवरून जाहीर केलं, "साउंडवाल्यामुळे थोडा रसभंग झाला त्याबद्दल क्षमस्व. पण साहेबांचा हात काय सुंदर चालतो, ते आपण पाहिलंच." मग माइक बंद न करताच ते साउंडवाल्या लक्ष्मणला म्हणाले, "काय रे, इतकी वर्षं काम करतोस, एवढंही जमत नाही?" लक्ष्मण खाली मान घालून वायरी तपासत राहिला. सुधाताई दोन हातांवर होत्या. त्यांना एक वाक्य बोलता आलं असतं. त्या पदर सारखा करत बसल्या.

जाता जाता महेश वाणींनी आणखी एक घोषणा केली. दर शनिवारी दुपारी, महिलांसाठी युकुलेलेचा वर्ग, खैरनार साहेबांच्या राहत्या घरी.

पंधरा दिवसांत दिवाणखान्यात युकुलेलेच युकुलेले झाली. एक फिकट गुलाबीसुद्धा होतं. नव्या वाद्यांच्या चौथ्या तारा अर्थातच उंच होत्या आणि ते चंद्रकांतरावांना पहिल्याच दिवशी खटकलं. त्यांनी सगळ्यांच्या तारा आपल्यासारख्या ढिल्या करायला लावल्या, दिवा हिरवा होईपर्यंत.

"हवाईवाले ही तार वर ठेवतात," ते समजावून सांगत. "पण आपल्या संगीताला खर्ज लागतो ना. म्हणून मी ती खाली घेतली आहे."

बायका वहीत लिहून घेत. महेश वाणींच्या सौ. याला खैरनार पद्धत म्हणू लागल्या. सुधाताई स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवत आणि आठ घसे एकदम खाकरल्यासारखा तो आवाज ऐकत. "कोनले सांगू माय," त्या आधणाशी पुटपुटत. माहेरची अहिराणी आता त्यांच्या तोंडात तेवढ्यापुरतीच उरली होती.

तिसऱ्या शनिवारी त्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा जागृतीबेन नुकत्याच आल्या होत्या. त्यांचं युकुलेले आजच कुरियरने आलं होतं. त्यांनी सहज बोटं फिरवली आणि ते खुदकन हसलं. सुधाताई दारात थांबल्या. चंद्रकांतरावांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. चौथी तार उतरवावी लागेल."

"ती नका उतरवू," सुधाताई म्हणाल्या. "ती एकटीच बरोबर आहे."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"चौथी तार वरचीच असते. तुमची मी उतरवली होती. तुम्ही आंघोळीला गेलात की."

मागच्या गल्लीतली खडखड तेवढी ऐकू येत होती. सुधाताईंना वाटलं, आता ते रागावतील. एकदाचे रागावतील.

चंद्रकांतराव हसले. मायेने हसले. "तू? अगं, तुला त्यातलं काय कळतं?"

"काकी, तमे पण," कुणीतरी म्हणालं आणि बायकाही हसल्या.

"मला स्वर कळतात," सुधाताई म्हणाल्या.

"बरं. मग लाव सा." त्यांनी वाद्याचा चिमटा काढला. त्याच्यावर एक बारीक बटण आहे, ते सरकवलं की तो हवेतलाही आवाज ऐकतो. तो त्यांनी बायकोच्या तोंडासमोर धरला. "लाव, लाव. लाजू नकोस."

सुधाताईंनी ट्रे खाली ठेवला. डोळे मिटले आणि सा लावला.

आवाज सुरुवातीला जरा खरखरला, मग बसला. बसला तो हललाच नाही. दिवाणखान्यातलं हसू आपोआप थांबलं. जागृतीबेनचा हात तारांवर तसाच राहिला. तो सा अमळनेरच्या पेटीचा होता, बाजारातल्या पेट्यांपेक्षा किंचित चढा, आणि इतक्या वर्षांत तो जागेवरून तसूभरही सरकला नव्हता. श्वास संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

दिवा लाल होता.

चिमट्याला ठरावीक बारा घरं ठाऊक. तो सा दोन घरांच्या मधल्या बोळात होता, आणि ती पेटी भंगारात गेलेली; विचारायचं कुणाला? चंद्रकांतरावांनी चिमटा वळवून त्यांना दाखवला. मग बायकांना दाखवला.

"असू दे," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "सगळ्यांना नसतं ते." आणि बायकांकडे वळून, "आमच्या हिला आवड फार आहे हं. पण कानाचं देवाघरूनच यावं लागतं."

सुधाताईंनी जागृतीबेनकडे पाहिलं. जागृतीबेननी ऐकलं होतं. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी सुधाताईंकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, आणि आपलं युकुलेले चंद्रकांतरावांच्या हातात दिलं.

त्यांनी खुंटी पिळली. तार उतरत उतरत गेली, लोंबली, घरघरली.

"हिरवा," चंद्रकांतराव म्हणाले.

चहावर साय धरली होती. सुधाताईंनी चमच्याने ती काढली आणि कप फिरवले. चहा मात्र झकास झालाय असं सगळ्यांचं मत पडलं. जागृतीबेननी कपात बघत सांगितलं, "काकी, आवता शनिवारे आदु जरा वधारे नाखजो."

सुधाताई बरं म्हणाल्या आणि आलं आणायचं लक्षात ठेवलं.