जुन्या राउटरचा नंबर

उषाताईंना अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले होते. हातपाय बरेच सावरले, पण बोलणं परतलं नव्हतं. सगळं कळायचं, ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘अहो’ एवढेच शब्द उरले होते. पुण्याच्या उन्नती मॅडम रोज सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर त्यांच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायच्या. त्या अर्ध्या तासासाठी उषाताई साडेदहालाच केस विंचरून टेबलाशी बसत.

सोमवारी व्होल्टेज वाढलं आणि राउटर जळाला.

खंडेराव, म्हणजे त्यांचे यजमान, मूळचे नगरकडचे. तारापूरच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. घरातलं कुठलंही यंत्र दुसऱ्याच्या हाती देणं त्यांच्या जिवावर यायचं. बोईसरच्या बाजारातून त्यांनी त्याच दिवशी नवा राउटर आणला, माहितीपुस्तिका चष्मा लावून दोनदा वाचली आणि कामाला बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लालच. तळमजल्यावरच्या त्या घरात मोबाइलची रेंज इतकी कमी, की उन्नती मॅडमचा चेहरा दर मिनिटाला गोठायचा आणि आवाज तुटायचा. ज्याच्याकडून आवाज शिकायचा त्याचाच आवाज तुटला तर काय उपयोग! बुधवारी उषाताईंनी फोन पालथा ठेवला आणि “नको” म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी खंडेरावांनी केबलवाल्याच्या ऑफिसला फोन लावला.

दहा वाजता दारात स्कूटी थांबली. हेल्मेट काढून एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आत आली. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र. “मी प्रियंका. नेटचं बघायला आलेय.”

“एकटीच?” खंडेरावांच्या तोंडून निघून गेलं.

“हां काका. बाकीची पोरं मुरब्याला गेलीत, तिकडं वायर तुटलीय. इथलं झालं की मलाबी तिकडंच जायचंय.” तिने सॅक खाली ठेवली. “तुमी काय काय करून बघितलंत?”

हा प्रश्न त्यांना कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी वही पुढे केली. राउटरच्या सेटिंगमध्ये कुठे काय भरलं, काय उत्तर आलं, सगळं वेळेसह लिहिलेलं होतं. प्रियंकाने पानं सावकाश वाचली.

“काका, पहिल्या दिवशी तुमी जोडणीचा प्रकारच दुसरा घेतला होता.”

“हो. ते बुधवारी लक्षात आलं. मग पासवर्डवाला, पीपीपीओई, घेतला.”

“बरोबर. आपल्याकडं युजरनेम-पासवर्ड टाकल्याबिगर लाइन उघडतच नाय. ते तर तुमी टाकलंय, अक्षर न् अक्षर बरोबर हाय. म्हंजे तुमची चूक नाय. आमच्याच बाजूनं दार बंद हाय.”

तिने ऑफिसला फोन लावला. पलीकडून ऑफिसातल्या कैलासचा आवाज खंडेरावांनाही ऐकू येत होता. या खात्याला जुन्या राउटरचा नंबर बांधलेला आहे, नव्या यंत्राला सर्व्हर ओळखत नाही. नंबर बदलायचा अधिकार साहेबांना, आणि साहेब सोमवारी येणार.

“सोमवारी?” खंडेरावांनी उषाताईंकडे पाहिलं. त्या केस विंचरून टेबलाशी बसल्या होत्या. गेले तीन दिवस रोज बसत होत्या.

प्रियंकानेही पाहिलं. कशासाठी बसल्यात, ते तिने विचारलं. खंडेरावांनी सांगितलं. ती म्हणाली, “जुना राउटर टाकला का ठेवलाय?”

ठेवला होता. प्रत्येक राउटरला कारखान्यातून आकडे-अक्षरं मिळून बारा अक्षरांचा एक नंबर मिळतो, तो मागच्या बाजूला चिकटवलेला असतो. जुन्याचा नंबर नव्याला दिला की सर्व्हर त्याला आत घेईल, असं तिने समजावलं. पण जुन्याची मागची बाजू उष्णतेने वितळली होती. आठ अक्षरं वाचता आली, शेवटची चार काळवंडून गेली होती.

“झालं!” खंडेराव म्हणाले. “चार अक्षरांच्या हजारो जोड्या होतील.”

“नाय होणार.” ती विचार करत होती. “काकू, तुमचा फोन बघू?”

उषाताईंनी फोन दिला. प्रियंकाने त्यातली, पूर्वी जोडलेल्या वायफायची यादी उघडली. जुन्या राउटरचं नाव तिथे अजून होतं. कंपनीने दिलेलं, कधीच न बदललेलं. नावाच्या शेपटाला चार अक्षरं होती: चार, सी, सात, ए.

“ह्या कंपनीच्या नावात नंबरची शेवटची चार अक्षरं असतात,” ती म्हणाली. “लोक नाव बदलत नायत, ते किती बरं!”

खंडेराव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. तिने नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ती बारा अक्षरं भरली, सेव्ह केलं. दोघं दिव्याकडे बघत राहिले. लाल.

तिने मान जराशी वाकडी केली. “एका यंत्रात दोन नंबर असतात काका. घरातल्या वायफायचा एक, बाहेरच्या वायरीचा त्याच्या पुढचा.” तिने ‘ए’ खोडून ‘बी’ केला.

दिवा विझला. मग हिरवा लागला.

वीज केंद्रात एकतीस वर्षांत खंडेरावांनी पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. बिघाड समोर असताना न घाबरता मागे मागे विचार करत जाणारी माणसं मात्र मोजकीच. “कुठे शिकलीस हे?” त्यांनी विचारलं.

“पालघरला आयटीआय केलं. बाकी चुकून चुकून. आमचं घर मासवणला. आई-बाबा भात काढून झालं की वीटभट्टीवर जातात. मी पहिल्यांदा राउटर बघितला तो नोकरीलाच. गिऱ्हाइकांचे दोन राउटर रीसेट करून, सगळं पुसून बसले होते, साहेबांनी लय शिव्या दिल्या.” ती हसली. मग तिने कैलासला फोन करून सांगितलं, की सध्या जुन्याच नंबरावर चालू केलंय, सोमवारी नव्याची नोंद करून घ्या.

अकराला दोन मिनिटं असताना उन्नती मॅडमचा चेहरा स्वच्छ उमटला. “उषाताई, तीन दिवस नीट भेटच नाही! आज कोण आलंय घरी? नाव सांगा बघू.”

उषाताईंनी प्रियंकाकडे पाहिलं. ओठ हलले. “पि...” पुढे येईना. खंडेरावांच्या जिभेवर पूर्ण नाव आलं होतं. एरवी ते बोलूनच टाकत. मॅडम त्यावरून किती वेळा रागावल्या होत्या. पण समोर प्रियंका, एका हातात हेल्मेट धरून, काही न सुचवता, अजिबात घाई न करता उभी होती. तिच्या खिशातला फोन वाजला, मुरब्याहून असणार. तिने न बघता तो बंद केला. ते पाहून खंडेरावांनीही ओठ मिटले.

“पि... यं...” उषाताईंच्या कपाळावर घाम आला. “पियंका.”

“हां काकू,” प्रियंका म्हणाली, “मीच.”

उषाताईंनी ते नाव पुन्हा एकदा घेतलं, आता न अडखळता. मग खंडेरावांकडे वळून त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. “अहो... चहा!”

पाच महिन्यांत तो शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. मुरब्याला पोहोचायला प्रियंकाला पंधरा मिनिटं उशीर झाला.