अडीचचा फोन

शिलाई मशीनच्या झाकणावर बटणांचा फोन घुर्रऽ घुर्रऽ करत सरकू लागला आणि दुपारची शांतता उसवली. पलंगावर लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. एका पायात मोजा, दुसरा कुठे गेला तिचं तिलाच ठाऊक. मशीनवर बसलेल्या आईने तिच्या उघड्या पावलावर चादर ओढली, दाताने दोरा तोडला आणि फोन कानाला लावला. बरोबर अडीच. गोडबोल्या वेळेचा पक्का होता.

"नमस्कार ताई! जेवण झालं का?"

"तुमचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरतो होय, भाऊ?" ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

गोडबोल्या हे नाव तिनेच ठेवलेलं. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळाचा तो माणूस. खेळ सोडून गेलेल्यांना गोड बोलून परत आणायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. ती त्या खेळातून सुटली त्याला आज चौऱ्याण्णव दिवस झाले होते.

सुटली ती एका दुपारमुळे. पँटच्या पायांची टोकं दुमडता दुमडता तिने एक डाव लावला होता. मग अजून एकच, मग शेवटचा, मग खरंच शेवटचा. बालवाडी सुटून दोन तास उलटले तेव्हा ती धावत पोचली. लेक फाटकाशी रखवालदाराच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. रडली नाही. उलट रखवालदारालाच म्हणाली, "बघा, आली ना! मी म्हटलं नव्हतं?"

रडली असती तर परवडलं असतं.

तेव्हापासून ती दर मंगळवारी जुगार सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जात होती. तिथे एक निवृत्त नर्सबाई होत्या, स्वतः बारा वर्षांपूर्वी सुटलेल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. "त्या मेल्याचा नंबर आधी बंद कर," सिस्टर बजावायच्या. "साप मारायला कुणी बिळात हात घालतं का?"

पण तिला साप ठेचायचाच होता. लेकीचे ते दोन तास तिला गोडबोल्याच्या जिवातून उपसून काढायचे होते, चमचा चमचा करून. म्हणून ती रोज फोन उचलायची आणि त्याला लोंबकळत ठेवायची. थांबा हं, दूध उतू जातंय. थांबा, चष्मा सापडेना. चष्मा तिला नव्हताच. एकदा तिने आपलं नाव त्याच्याकडून सात वेळा लिहून घेतलं आणि दर वेळी एक अक्षर चुकलंय म्हणून सांगितलं. एकदा शिलाई मशीन चालवून म्हणाली, "ऐकू येत नाही, भाऊ, जरा ओरडून बोला," आणि तो बिचारा घसा फुटेस्तोवर ओरडत राहिला. रोजच्या त्या अर्ध्या तासात तिला आतून गार वाटायचं.

आज तर त्याच्या तोंडाला पुरती पानं पुसायचा बेत होता. खेळ पुन्हा उघडायचा, त्याला जिंकल्यासारखं वाटू द्यायचं आणि पैसे लावायचं शेवटचं बटण दाबायच्या वेळी म्हणायचं, "जा, मार बोंबा!" त्यासाठी तिने सकाळीच, नवरा कामावर गेल्यावर, त्याच्या कोटाच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली होती. नवऱ्याने कुलूपबंद ठेवलेला तिचा मोठा फोन आता मांडीवर होता, चार्ज होऊन.

"आज उघडतेच, भाऊ. तुमच्या हट्टापुढे हात टेकले."

"वा, ताई! चालू करा, मी आहेच."

पडदा उजळला. तीच किणकिण झाली, काचेच्या बांगड्या वाजाव्यात तशी. पाच पत्ते पंख्यासारखे उलगडले. तिच्या अंगठ्याला काही विचारावं लागलं नाही. तो आपसूक उजव्या कोपऱ्यातल्या बटणाकडे निघाला, जसा काही कालच तिथून उठला होता. मशीन, पलंग, लेक सगळं लांब गेलं.

गोडबोल्या काहीच बोलत नव्हता.

इतकी वटवट करणारा माणूस, आणि नुसता श्वास.

"गप्प का झालात?" तिने विचारलं.

"ती किणकिण ऐकू आली ना तुम्हाला? मग आता माझं काम संपलं, ताई."

"मी तुम्हाला खेळवत होते," ती फणकारली. "तीन महिने! कळतंय का?"

"कळतंय की. पहिल्या दिवसापासून." तो प्रेमाने म्हणाला, तेच जास्त झोंबलं. "ताई, ज्यांना खेळायचं नसतं ते आमचा नंबर बंद करतात. रोज अडीचला फोन उचलत नाहीत."

अंगठा बटणापासून नखभर वर थांबला होता. तिने दुसऱ्या हाताने तो धरला, लहान मुलाचा धरावा तसा, आणि बाजूला घेतला. मोठा फोन बंद केला. मग छोटा. मग तोच पुन्हा चालू करून गोडबोल्याचा नंबर कायमचा बंद करून टाकला. त्याला एक तरी सणसणीत शिवी हासडायची राहिली, म्हणून ती तडफडली. पण शिवी द्यायला पुन्हा त्यालाच फोन लावावा लागला असता. मेला शिवीसुद्धा फुकट हासडू देईना.

तिने सिस्टरना फोन लावला. "मी कपाट उघडलं."

"खेळलीस?"

"नाही. पण नखभरच राहिलं होतं."

"मग मोजलेले दिवस मोडले नाहीत. नवऱ्याला मात्र आजच सांगायचं. स्वतःच्या तोंडाने. आणि तो डबडा फोन मी घेऊन जाते. दार उघडं ठेव, निघालेच."

तिने दार उघडलं. मागे वळली तर लेक पलंगावर मांडी घालून बसलेली. डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही.

"अगं, झोपली नव्हतीस?"

"मी कधीच नाही झोपत. डोळे मिटून ऐकते." लेकीने पायातला मोजा ओढून काढला. "ते काका आता फोन नाही करणार?"

"नाही, राणी. कधीच नाही."

लेकीने मोज्यात हात घातला, बोटं हलवून पाहिली, बराच वेळ.

"आई, तू त्यांच्याशी बोलताना हसायचीस ना, तशी माझ्याशी बोलताना का नाही गं हसत?"