जाळीमागची खुर्ची

चेंडू ओजसच्या ग्लव्हला लागलाच नाही. ओजस खाली, उजव्या गुडघ्यापाशी त्याची वाट पाहत होता आणि चेंडू त्याच्या डाव्या खांद्यावरून गेला. मागे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ओजसने मास्क काढून वळून पाहिलं. अंपायर कोलर गुडघ्यांवर बसले होते आणि गळ्याखालचं हाड एका हाताने चाचपत होते.

"हलू नका," ओजस जर्मनमध्ये म्हणाला.

"मी कशाला हलतोय," कोलर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

कोलर आठवडाभर शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी अंपायर होत. त्यांना रुग्णवाहिकेतून नेईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग प्रशिक्षक ब्रांडल मैदानात आले आणि सरळ पिचरकडे, टिलकडे गेले.

"खूण दिसत नाही का तुला? डोळे आहेत ना?"

टिल बावीस वर्षांचा, लाल केसांचा. ब्रांडलच्या खांद्यावरून तो ओजसकडे बघत होता.

बेसबॉलमध्ये पिचरने कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर ठरवतो. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून, मांड्यांच्या मधे हात धरून तो बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. पण समोर, पिचरच्या मागे दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या दुसऱ्या टप्प्यावर, प्रतिस्पर्धी उभा असेल तर त्यालाही बोटं दिसतात. म्हणून तेव्हा कॅचर एकापाठोपाठ तीन खुणा करतो आणि त्यातली एकच खरी असते. या संघाचा नियम असा, की एक आऊट झाला असेल तर दुसरी खूण खरी, दोन झाले असतील तर तिसरी. आज तिथे एकजण उभा होता, म्हणून ओजसने एक, दोन, एक अशी बोटं दाखवली होती. त्याला वळणारा हवा होता. टिलने सरळ टाकला.

दुसरा अंपायर मागे येऊन उभा राहिला, खेळ पुन्हा सुरू झाला. पुढच्याच चेंडूवर फलंदाजाचा फटका वर उडाला आणि झेलला गेला. ओजस पुन्हा उकिडवा बसला आणि मांड्यांमधे बोटं धरली. समोर कुणी नव्हतं. टिल बाकाकडे निघाला होता. सगळेच निघाले होते. तो तिसरा आऊट होता, आणि तीन झाले की पाळी संपते.

टिल अर्ध्या वाटेवर थांबला, वळला. ओजसची बोटं अजून खालीच होती.

कपडे बदलायच्या खोलीत टिल त्याच्या शेजारी येऊन बसला. "मी काही बोलणार नाही."

"का?"

"कॅचर चुकत नाही. पहिल्या दिवशी तूच शिकवलंस."

हा क्लबचा जुना रिवाज होता. खुणेत घोटाळा झाला तर चूक पिचरची. त्यावर वाद नाही.

ओजस चार वर्षांचा असताना त्याचे वडील मोहन गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीवर पुण्याहून म्युनिकला आले. शेजारच्या मुलाबरोबर ओजस एकदा बेसबॉलच्या क्लबात गेला आणि तिथलाच झाला. मोहनना हा खेळ म्हणजे क्रिकेटचा वाया गेलेला पुतण्या वाटे. तरी ते प्रत्येक सामन्याला येत. घडीची निळी खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन फलंदाजाच्या मागच्या जाळीशी बसत. खेळातलं त्यांना एकच पक्कं कळलं होतं, आऊट. तो झाला की ते खणखणीत आवाजात ओरडत, "एक गेला!" मग, "दोन गेले, ओजा, दोन!" पुढे पुढे क्लबचे बव्हेरियन म्हातारेही बिअरचे मग उंचावून त्यांच्यासोबत 'दोन गेले' म्हणू लागले. ब्रांडलनी एकदा त्यांना जरा हळू ओरडायला सांगितलं. मोहन दोन सामने हळू ओरडले.

अठराव्या वर्षी एका अमेरिकन क्लबने ओजसला करारावर घेतलं. चार उन्हाळे तो तिकडच्या आडगावांतल्या संघांकडून खेळला, बसमध्ये झोपला. एका सकाळी त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी काढलेली होती. तो परत आला आणि एस-बान लोकलच्या शेवटच्या स्टेशनापुढच्या या क्लबात राहिला. क्लब त्याला घरभाडं, थोडा पगार आणि मैदानाचं गवत राखायचं काम देत असे. सरकारी कचेरीत व्यवसाय विचारला की तो बेसबॉलपटू सांगे. समोरची बाई म्हणे, "हो, पण नोकरी?"

कॅचरच्या मास्कवर चेंडू आदळतातच. कधी बॅटची कड घेऊन, कधी सरळ. तीन वेळा मेंदूला मार बसल्याची नोंद क्लबकडे होती. बाकीचे त्याच्या बायकोला, मैत्रेयीला ठाऊक होते. ती डार्मश्टाटला शिकायला आलेली, आता म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत होती. घराच्या किल्ल्या तिला फ्रीजरमध्ये सापडल्या होत्या. तिने न्यूरोलॉजिस्टकडे भेटीचा टर्मिन घेतला. ओजसने तो रद्द केला. तिने दुसरा घेतला, त्याने तोही.

मार्चमध्ये मोहन हृदयविकाराने गेले. मोसम एप्रिलमध्ये सुरू झाला.

त्या रविवारी घरी जाताना दोघं एस-बानमध्ये बसली. मग मैत्रेयीने विचारलं, "किती आऊट होते, ओजस?"

"कधी?"

"कोलरना लागलं तेव्हा."

"माहितीये मला."

"मी ते नाही विचारलं."

ओजस खिडकीबाहेर पाहत राहिला. "दोन. मला एक वाटला. वाटला म्हणजे, खात्री होती."

"धावफलक होता की समोर."

"खात्री असताना कोण बघतं?"

"आणि मागच्या वर्षी? तेव्हा बघायचास?"

तो उत्तर देणार होता. मग थांबला. मागच्या वर्षी त्याने फलक पाहिल्याचं त्याला आठवेना. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही. त्याला आठवत होता तो जाळीमागून येणारा आवाज.

"बाबा मोजत होते गं," तो म्हणाला.

मैत्रेयीने त्याचा हात धरला नाही. "गेनाऊ, अगदी तेच," ती म्हणाली. "आणि तू ते कुणालाच सांगितलं नाहीस. स्वतःलासुद्धा."

"सांगितलं तर संपलं सगळं. छत्तीस वर्षांचा आहे मी. हातात दुसरं काय आहे? गवत?"

"आणि टिलचं काय?"

पुढच्या महिन्यात अमेरिकेतून माणसं टिलचा खेळ बघायला येणार होती. ओजसला ते माहीत होतं. त्यानेच त्यांना फोन केला होता.

मंगळवारी सरावाआधी तो ब्रांडलच्या खोलीत गेला. ब्रांडल कॉफीत साखर ढवळत होते.

"कोलरचं हाड जुळेल," ते म्हणाले. "टिलला मी क्लबच्या दुसऱ्या, खालच्या संघात पाठवतोय. मोसम संपेपर्यंत. डोकं ठिकाणावर येऊ दे."

"अमेरिकेची माणसं येतायत."

"येतील पुन्हा कधीतरी."

"माझ्यासाठी ती पुन्हा आली नाहीत," ओजस म्हणाला. "टिलने खूण बरोबर वाचली. आऊट मोजायला मी चुकलो."

ब्रांडलनी चमचा थांबवला. "होतं एखाद्या वेळी. कुणाला सांगू नकोस. बस, कॉफी घे."

"आज वार कोणता ते मी सकाळी फोनमध्ये पाहिलं. दोनदा."

बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारून झेलत होतं.

"कधीपासून?" ब्रांडलनी विचारलं.

"दोनेक वर्षं. जास्तही असतील. माझे बाबा मोजायचे."

ब्रांडलनी कप बाजूला सारला. "मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं."

"हळू ओरडा म्हणालात."

"डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी तुला उतरवू शकत नाही, ओजस."

"माहितीये."

"आणि ते देणार नाहीत."

"तेही माहितीये."

त्याने मास्क टेबलावर ठेवला. त्याच्या डाव्या गजाला बाक आला होता. ब्रांडलनी तो उचलून कपाटावर ठेवावा तसा हात पुढे केला आणि मागे घेतला.

डॉक्टरांनी नाहीच दिलं. मेंदूची चित्रं दाखवून त्या म्हणाल्या की पुन्हा कधीही बॅटच्या मागे बसायचं नाही. झालं ते भरून येणार नाही, पण निदान वेगाने वाढू नये. ओजसने विचारलं, गवत कापायचं यंत्र चालेल का? त्या म्हणाल्या, कानाला संरक्षण लावून. कोलरना तो घरी जाऊन भेटला. त्यांचा हात झोळीत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केक पुढे केला. पुन्हा अंपायर होणार नाही म्हणाले. बायको नको म्हणते.

टिल पहिल्याच संघात राहिला. महिन्याभराने, माणसं आली त्या रविवारी, ओजसने सकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या आणि घरी जायला निघाला. फाटकात मैत्रेयी उभी होती. तिच्या काखेत घडीची निळी खुर्ची होती.

"ही कुठे मिळाली?"

"तळघरात, केलरमध्ये. सायकलींच्या मागे. चल."

"मला नाही बसायचं तिथं."

"मग मी बसते. तू उभा राहा."

तो बसला. जाळीपलीकडे नवा कॅचर उकिडवा बसला होता, पाठ ताठ, जरा जास्तच पुढे सरकलेला. टिलच्या चेंडूवर पहिला गडी गेला. ओजस काही बोलला नाही. बिअरचे मग घेतलेले म्हातारेही काही बोलले नाहीत. मग प्रतिस्पर्ध्यांचा एकजण दुसऱ्या बेसपर्यंत पोचला आणि त्यानंतर आणखी एक आऊट झाला. नव्या कॅचरने मांड्यांमधे हात नेला आणि तो तिथंच अडखळला. टिल चेंडू ग्लव्हमध्ये फिरवत उभा राहिला. तो कॅचरकडे नाही, जाळीकडे बघत होता.

ओजसने फलकाकडे पाहिलं. मग मैत्रेयीकडे.

तिने मांडीलगत, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत अशी, दोन बोटं खाली धरली.

"दोन गेले," ओजस ओरडला.