किल्ली दुसऱ्याच्या हातात

प्राणिसंग्रहालयाच्या भटारखान्याला खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर कधी उजाडलं ते तिला कळायचंच नाही. आली की एप्रन चढवायचा आणि सुरीला धार लावायची. माकडांची फळं, अस्वलाचं मध घातलेलं खिचडीसारखं काहीतरी, सिंहाचं मांस, सगळं तिच्याच हाताखालून जायचं. सिंहाला आठवड्यातून एकदा मुद्दाम उपाशी ठेवत, पोटाला आराम म्हणून. "त्याच्या पोटाला आराम आहे, माझ्या पायांना नाही," असं ती म्हणायची. हा विनोद ती इतक्यांदा करून बसली होती की आता कुणी हसतही नव्हतं.

त्या दिवशी तर तिला तो विनोदही करता आला नाही. सर्दीने घसा पार बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर पडायची. शीतपेटीतले उंदीर कोमट पाण्यात मऊ करत ती उभी होती आणि मनात एकच घोळत होतं, आज दादाचं कसं होणार?

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सापघराचा रखवालदार. वहिनी गेल्यापासून तो तिच्याकडेच राहायला आला होता. उभा जन्म सापांत काढलेला माणूस, पण बोलायला असा गोड की सापघरासमोर दुपारी त्याचं बोलणं ऐकायला गर्दी व्हायची. जगात माणसं सर्वांत जास्त कोण मारतं, असं तो विचारायचा. लोक वाघ म्हणत, मगर म्हणत, शार्क म्हणत. "डास!" दादा म्हणायचा, आणि गर्दीतला प्रत्येक जण हात खाजवायला लागायचा. कुठे सापाला देव मानतात, कुठे त्याचं सूप करून पितात, आणि पुंगीपुढे नाग डोलतो तो सुरावर नव्हे, पुंगीच्या हलण्यावर, हेही तो सांगायचा. एकदा एका माणसाने विचारलं, हा चावला तर माणूस किती वेळात मरतो? दादा म्हणाला, "तडक दवाखान्यात पळालात तर बहुतेक वाचाल. फोटो काढत बसलात तर माझ्याने सांगवत नाही."

आणि या दादाला दिसेनासं झालं होतं.

सगळंच नाही. कडेचं दिसायचं, मधलं पुसून गेल्यासारखं व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, पडद्याचा आजार आहे, गेलेलं परत येणार नाही. घरी चहा ओतताना तो कपाबाहेर बशीत सांडायचा. ती फडक्याने पुसून घ्यायची. मग एके दिवशी त्याने तिचा हात धरून सांगितलं होतं, "चिमणे, माझ्या जागी नवा माणूस मिळेपर्यंत तोंड उघडू नकोस. घरी बसवलं तर मी भिंतीशी बोलायला लागेन." तिने शब्द दिला. नवा माणूस काही मिळत नव्हता. विषारी सापांशी रोज गाठ घालून घ्यायची हौस कुणाला असते?

सापघराच्या मागे एक अरुंद बोळ होता. प्रत्येक पिंजऱ्याचं दार त्या बोळात उघडायचं आणि दाराशेजारी बघण्यापुरती एक काच होती. तिथला नियम कडक. एकट्याने दार उघडायचं नाही. आत हात घालणाऱ्याने काचेतून बघायचं आणि मोठ्याने सांगायचं: कोण, किती, कुठे. सोबतच्याने स्वतः बघून "बरोबर" म्हटलं की मगच किल्ली द्यायची. म्हणून किल्ली नेहमी दुसऱ्याच्या हातात. पूर्वीचा सोबती नोकरी सोडून गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते काम तिच्या गळ्यात घातलं. डॉक्टरीणबाई म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टर आणि या सगळ्यांच्या वरिष्ठ.

नियम होता तसाच होता, फक्त या भावंडांनी तो उलटा केला होता. आधी ती काचेतून बघायची आणि दबक्या आवाजात सांगायची, "नाग, एक, डावा कोपरा, दिव्याखाली." मग दादा खणखणीत आवाजात तेच म्हणायचा. मग ती म्हणायची, "बरोबर." बोळाच्या टोकाला बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर जायचं ते सगळं नियमाला धरून असायचं. पहिल्यांदा हे करताना तिने तीनदा काचेतून बघितलं होतं. पुढे सवय झाली. कशाचीही सवय होते, आणि तेच वाईट.

उंदरांचं ताट घेऊन ती बोळात आली तेव्हा दादा नागाच्या दाराशी लांब चिमटा घेऊन उभा होता.

तिने घशाला हात लावून मान हलवली.

"अजून बसलेलाच का?" दादा हसला. "बरं झालं, आज तरी कुणी मला बोलणार नाही. तू नुसती उभी राहा गं. मला सगळं पाठ आहे."

गेल्या खेपेला नागाने उंदराला तोंडही लावलं नव्हतं. तेव्हा दादानेच सांगितलं होतं, कात टाकायला आला असेल, डोळे बघ त्याचे. तिने बघितलं तर डोळे दुधी झाले होते. "त्यालाही सध्या धड दिसत नाही," दादा म्हणाला होता. "पण त्याचं बरं आहे. कात टाकली की परत लख्ख."

आता दादा काचेजवळ गेला. मान जराशी तिरकी केली, कडेने दिसावं म्हणून. दिव्याखाली, डाव्या कोपऱ्यात, काहीतरी फिकट गोळा होऊन पडलं होतं.

"नाग," दादा खणखणीत आवाजात म्हणाला. "एक. डावा कोपरा, दिव्याखाली."

तिने त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. दिव्याखाली नुसती कात पडली होती, कुणी अंगातून काढून भिरकावलेल्या सदऱ्यासारखी. नाग खाली होता. दाराच्या उंबऱ्याला अंग लावून, लांबच लांब, अगदी दादाचं मनगट जिथे आत जाणार तिथे.

ओरडायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

दादाने मागे न बघता हात पसरला. "दे."

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"अगं दे ना, चिमणे. लोक समोर ताटकळलेत."

तिने त्याच्या पसरलेल्या हातावर चापट मारली, लहानपणी तो तिला मारायचा तशी. मग त्याचं मनगट पकडून त्याला दारापासून मागे ओढलं, भिंतीला पाठ लागेपर्यंत. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याला सांगायची गरज उरली नाही.

"कुठे आहे?" त्याने हळूच विचारलं.

तिने बोट खाली, उंबऱ्याकडे दाखवलं. त्याला ते बोटही धड दिसलं नसावं, पण कळलं. तो खाली पालथ्या बादलीवर बसला.

"असू दे," जरा वेळाने तो म्हणाला. "कुणाला कळलं नाही. आज त्याला उपास. उद्या तुझा घसा सुटेल, मग होईल पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, पहाटेपासून उभं राहून येतो त्याहून वेगळा थकवा. तिला वाटायचं आपण दादाला सांभाळून घेतोय. आणि खरं तर रोज आपणच त्याचा हात धरून नागाच्या तोंडाशी नेत होतो, प्रेमाने, "बरोबर" म्हणत. उद्या घसा सुटेल, परवा ताप येईल, तेरवा नुसती डुलकी लागेल. मग काय?

तिला रडू आलं. रडायलाही आवाज नव्हता.

भिंतीवर लाल बटण होतं. तिने ते दाबलं.

घंटा अशी कर्कश वाजली की पलीकडचे पोपट कलकलाट करायला लागले. दादा ताडकन उठला. "काय केलंस हे? शब्द दिला होतास मला!"

डॉक्टरीणबाई बोळातून धावत आल्या, हातात औषधाची पेटी. "कुणाला चावला? दादा, हात दाखवा!"

"कुणाला नाही, बाई."

"मग घंटा कशाला?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने घशाकडे बोट दाखवलं आणि मग हताशपणे दादाकडे. डॉक्टरीणबाईंनी काचेतून आत बघितलं, कात बघितली, उंबरा बघितला. "मला तिथून ऐकू आलं होतं, डावा कोपरा म्हणून. कोण चुकलं?"

दादाने बहिणीकडे तोंड वळवलं. एरवी असं काही झालं की ती पुढे होऊन काहीतरी सारवासारव करायची, घरात, दारात, सगळीकडे. आज ती नुसती उभी होती, गालांवरून पाणी ओघळत.

"मला दिसत नाही, बाई," दादा शेवटी म्हणाला. "बरेच महिने झाले. तिचा दोष नाही, मीच तिला गप्प बसवलं होतं."

डॉक्टरीणबाई खूप रागावल्या असाव्यात, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दादाच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि तिच्यापुढे हात केला. तिने मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते.

"समोरच्या लोकांना मी सांगते," बाई म्हणाल्या. "बाकीचं संध्याकाळी बोलू. दोघंही या." आणि त्या निघून गेल्या.

दादा परत बादलीवर बसला. ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली, मळक्या एप्रनसकट. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"कात टाकली म्हणजे त्याचे डोळे साफ झाले असतील," तो म्हणाला. "कसा दिसतोय गं?"

ती सांगू शकत नव्हती. ती उठली, त्याला काचेपाशी नेलं, आणि हनुवटीला धरून त्याचं तोंड हळूहळू एका बाजूला वळवलं, इतकं की नाग त्याच्या डोळ्याच्या कडेला यावा.

"थांब," दादा म्हणाला. "आता दिसला."

तिने हनुवटी सोडली नाही.