रेघमास्तरांचं राउटर

शाळेतली मुलं त्यांना रेघमास्तर म्हणत. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायची आणि मागे वळूनही बघायचं नाही, ही चित्रकलेच्या या मास्तरांची ऐट. निवृत्तीनंतर ती ऐट त्यांनी घरामागच्या खोलीत नेली आणि सुतारकाम आरंभलं. लेकीने नव्या घरासाठी पुस्तकांची मांडणी मागितली, तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "विकतची नको बाबा, तुमच्या हातची हवी," असं ती म्हणाली होती.

घोडं अडलं ते खाचांपाशी. उभ्या फळीत खाच पाडायची आणि तीत कप्पा सरकवायचा, एवढंच काम. पण पटाशीने पाडलेल्या तिन्ही खाचा वाकड्या निघाल्या. मास्तरांनी आधी पटाशीला दोष दिला, मग लाकडाला, मग चष्म्याला. उजवा हात थरथरू लागलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण बायको जन्मभर नर्स होती. तिला कळलं की हत्यारं कुलपात गेलीच, आणि लेकीची मांडणीही गेली. म्हणून मास्तर गप्प होते आणि मनातून चांगलेच घाबरलेले होते.

त्यातून राउटर घ्यायचं ठरलं. राउटर म्हणजे दोन्ही हातांनी धरून लाकडावरून सरकवायचं मशीन; खाली गरगर फिरणारं पातं खाच पाडत जातं. मशीन आलं की हाताला कोण विचारतो, अशी मास्तरांची समजूत. त्यांनी मोठं, मधलं, छोटं अशा तीन मशीनचा तक्ता केला. वजन, ताकद, मुठी, सगळं रंगीत पेन्सिलींनी.

"एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर हेडमास्तर झाला असतात," बायको चहा ठेवत म्हणाली.

"आणि कप अर्धाच का?"

"संपवा आधी, मग बोला."

हल्ली या घरात चहाचीही टंचाई आहे, असं पुटपुटत मास्तरांनी तो दोन घोटांत संपवला.

हत्यारांच्या दुकानात ती दोघं गेली तेव्हा मास्तरांनी तक्ता काउंटरवर पसरला. दुकानदार पूर्वीचा सुतार. त्याने तक्त्याकडे कौतुकाने पाहिलं आणि बाजूला सारला.

"तक्ता झकास आहे. पण आमच्याकडे आधी रेघ ओढायची."

ही त्या दुकानाची रीत होती. मशीनमध्ये पात्याच्या जागी तो पेन्सिल बसवायचा, वीज न जोडताच, आणि गिऱ्हाइकाला प्लायच्या तुकड्यावर रेघ ओढायला लावायचा. ज्याची रेघ ज्या मशीनने नीट येईल, त्याला ते मशीन. मास्तर मनातल्या मनात हसले. रेघ ओढायची, आणि तीही त्यांनी!

त्यांनी मोठं मशीन दोन्ही हातांनी धरलं आणि सरकवलं. मग रेघेकडे पाहिलं. लहान मुलाने ओढावी तशी ती नागमोडी आली होती.

"पेन्सिल सैल आहे," ते म्हणाले.

दुकानदाराने पेन्सिल घट्ट केली. मधल्या मशीनने तीच गत, छोट्या हलक्या मशीनने तर त्याहून वाईट. मास्तरांचे कान तापले. जन्मभराची अब्रू त्या तुकड्यावर उघडी पडली होती.

"आज राहू दे. घरी विचार करतो," ते तक्त्याची घडी घालू लागले. घडीही नीट पडेना.

"भाऊ, यांचा हात थरथरतो," बायको शांतपणे म्हणाली. "असा हात असताना चालेल, असं काही आहे का?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कधी कळलं?"

"महिना झाला. कप अर्धा का भरते वाटलं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय, नंबर लावलाय. तो विषय वेगळा. मांडणी व्हायलाच हवी."

दुकानदार त्यांना आतल्या एका टेबलाशी घेऊन गेला. तिथे राउटर टेबलाखाली उलटं पक्कं बसवलेलं होतं, पात्याचं टोक तेवढं वर आणि शेजारी आडवी पट्टी. इथे मशीन हलत नाही. फळी पट्टीला टेकवून ठोकळ्याने पुढे ढकलायची, बोटं पात्यापासून लांब. त्याने पात्याच्या जागी पेन्सिल लावली. मास्तरांनी फळी ढकलली, पलीकडून बायकोने टोक धरलं. फळी उलटून पाहिली तर रेघ सरळ.

"पट्टीला टेकवून काढली. शाळेत याला मी शून्य दिलं असतं," मास्तर म्हणाले. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

टेबल घरी आलं. पहिली खाच तासाभरात झाली आणि कप्पा तीत न अडता सरकला. बायको चहा घेऊन आली. कप अर्धाच होता.

"भर पूर्ण."

"सांडेल."

"सांडू दे."

तिने काठोकाठ भरला. मास्तरांनी कप दोन्ही हातांनी उचलला, तरी थोडा बशीत सांडलाच. कप संपल्यावर त्यांनी बशी तोंडाला लावली आणि सांडलेला चहाही पिऊन टाकला.