परताव्याऐवजी पंखा

मित्रांनो, माझ्या जाळीला आता गंज चढलाय, फिरताना मानही कुरकुरते. पण मीही एके काळी निळाशार, नवाकोरा टेबलफॅन होतो बरं का! माझी पाती पहिल्यांदा फिरली, तेव्हा कारखान्यातल्या कारागिरानं घामेजलेला चेहरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "वा, जीव गार झाला!" ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं एका कर सल्लागारानं. कर म्हणजे काय, हे मला त्यांच्या टेबलावरच कळलं. ज्याची कमाई मोठी, त्यानं सरकारला मोठा वाटा द्यायचा. ज्याची अगदी थोडी, त्यानं काहीच द्यायचं नाही. ऐकून मला किती बरं वाटलं होतं!

तिथे एक कारखानदार येत. ते आले की साहेब माझी मान त्यांच्याकडे वळवत आणि मागची कळ ओढून तिथेच अडकवून टाकत.

"यंदाही तोटाच दाखवायचा ना?"

"तोटाच हो! बघा ना, तोट्यानं पोट किती सुटलंय!"

दोघंही खो खो हसत. मग बंगला बायकोच्या नावावर, गाडी कंपनीच्या खर्चात, असं करत करत त्यांचा कर जवळजवळ नाहीसाच होई.

दाराजवळच्या स्टुलावर मावशी बसत. त्या रुग्णालयातल्या चादरी धुवायच्या. कमाई इतकी थोडी, की त्यांना कर लागतच नव्हता. पण ठेकेदार पगार हातात देण्याआधीच कर कापून घेई. तो परत हवा असेल, तर ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज करावा लागे.

"साहेब, पोरीला नर्सिंगला जागा मिळालीय. हे पैसे आले की फी भरते."

"अहो मावशी, तुमचं काम पाच मिनिटांचं. करून टाकतो."

पाच मिनिटांचं, म्हणूनच ते मागे पडत राहिलं. मोठ्या फायली आधी, बारीकसारीक कामं शेवटी, ही त्या कचेरीची रीतच होती. कारखानदारांचा तोटा नीट बसवता बसवता मावशींची तारीख उलटून गेली.

मावशी आल्या, तेव्हा साहेबांना मान वर करवेना. खूश झालेल्या कारखानदारांनी पाठवलेला एसी नुकताच भिंतीवर बसला होता. साहेबांनी माझी वायर गुंडाळली.

"राहून गेलं हो, मावशी. हा पंखा तरी घेऊन जा. अजून चांगला चालतो."

मावशींनी मला लेकरासारखं कडेवर घेतलं.

"उपकार झाले, साहेब."

मित्रांनो, तो शब्द मला अजून सोसत नाही.

आता मी त्यांच्या एका खोलीच्या घरात असतो. नर्सिंगची जागा दुसऱ्या कुणाला गेली. लेक आईबरोबर चादरी धुते. परवा तिचा पहिला पगार झाला. साबणानं सोललेली बोटं माझ्या वाऱ्यावर धरून ती म्हणाली, "आई, माझेही कापले गं. मला वाटलं, मी नवी आहे, मला सोडतील."

मावशी तिच्या बोटांना हळूहळू तेल लावत राहिल्या.

"या वेळी आपण लवकर जाऊ हं, बाळा."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल. तेव्हा ज्याच्याजवळ थोडंच आहे, त्याचं काम आधी हातात घ्या. मोठ्यांना थांबणं परवडतं. या पोरीला नाही परवडलं.