टाचणीचं वायसर

चढाच्या पायथ्याशी सलून आलं की चष्मेवाला गाडीचा वेग कमी करायचा, मान अर्धवट मागे वळवायचा आणि बायकोला म्हणायचा, "थोडी उतरतेस का?"

आता माणूस गाडीवरून थोडा कसा उतरणार? उतरला की सगळाच उतरतो. पण इतक्या वर्षांत टाचणीने हे कधी नवऱ्याला विचारलं नव्हतं. ती मुकाट उतरायची, पिशवी सावरायची आणि चढ चढायला लागायची. गाडी एकट्या नवऱ्याला घेऊन खोकत, कुंथत पुढे जायची आणि सलूनमधली गिऱ्हाइकं तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत आरशातून टाचणीकडे बघत बसायची.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून तो चष्मेवाला. तिचं 'टाचणी' हे नाव सासरचं. घरी कपडे अल्टर करून द्यायचं तिचं काम, त्यामुळे जागेपणीचा निम्मा वेळ तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. बोलणंही त्या टाचण्यांमधूनच चालायचं. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की ती स्पष्ट बोलली तर त्यांनाच दचकायला व्हायचं.

सलूनवाल्यांचं तिला काही वाटत नसे. खरा प्रश्न चढाच्या मध्यावर होता. तिथे थोरल्या दिरांचं घर होतं, घराला बाल्कनी होती आणि त्या बाल्कनीत, कधीही बघा, थोरली जाऊ उभी असायची.

"चालत का? बरंय बाई, गुडघ्यांना चांगलं असतं!"

दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या शंभर सीसीच्या गाड्या घेतल्या होत्या. "आमच्या ह्यांची गाडी बघ, अजून नव्यासारखी," हे थोरलीचं पालुपद. स्वतः मात्र ती त्या गाडीवर कधी दिसली नाही. म्हणायची, दुचाकीवर केस विस्कटतात. पायी मंडईत जाऊन यायची आणि वर बाल्कनीत उभी राहून इतरांचे गुडघे मोजायची.

टाचणीला एकदाच, फक्त एकदाच, त्या बाल्कनीसमोरून ओढणी उडवत गाडीवर बसून जायचं होतं. बाकी आयुष्याबद्दल तिची विशेष तक्रार नव्हती.

आणि मजा अशी की गाडी चढत नव्हती ती तिच्याच करणीमुळे.

चढ संपतो तिथे एक वळण आहे आणि वळणावर दगडी भिंत. तरुणपणी हे दोघे भाऊ त्या वळणापर्यंत शर्यती लावायचे. चष्मेवाल्याने आधी त्या भिंतीपाशी दोन दात ठेवले, मग डावा हात मोडून घेतला. हात मोडला तेव्हा मागे टाचणी बसलेली होती आणि तिच्या पोटात लेक होती. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण टाचणी आतून हादरली. प्लास्टर निघायच्या आत ती मेकॅनिककडे गेली आणि म्हणाली, "काका, ह्या गाडीचा माज उतरवा. पण ह्यांना कळता कामा नये."

मेकॅनिककाका बेरकी माणूस. त्यांनी बारीक भोकाचं एक जाड वायसर केलं आणि कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडतात त्या सांध्यात बसवून टाकलं. इंजिनाचा श्वास अडला की गाडी आपोआप सभ्य होते. नंतरच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला त्यांनी ते इमानाने जागच्या जागी ठेवलं. "जुनी झाली गाडी," म्हणत चष्मेवाला हळूहळू निवळला. लेक मोठी झाली, शिकायला बाहेरगावी गेली. भिंतीला पुन्हा कुणाचा दात लागला नाही. ह्या सगळ्याची किंमत म्हणून टाचणी चढ चढत राहिली.

मग काकांनी वय झालं म्हणून गॅरेज बंद केलं आणि ते मुलाकडे राहायला गेले. आता गाडी दुसऱ्या कुणी उघडली तर वायसर सापडणार, हे टाचणीने तेव्हाच ओळखलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते पार्सलवालीचं प्रकरण झालं. टाचणी नेहमीसारखी उतरून चालत होती. मागून पार्सलं पोचवणारी एक बाई बॅटरीच्या स्कूटरवरून आली, थांबली आणि म्हणाली, "ताई, वर सोडू का?" टाचणीला काय वाटलं कोण जाणे, ती बसली. स्कूटर आवाज न करता निघाली आणि कुंथणाऱ्या चष्मेवाल्याला मागे टाकून वर गेली. बाल्कनीतून थोरली ओरडली, "आज गाडी बदललीस होय गं? की नवरा?"

हे चष्मेवाल्यानेही ऐकलं. त्या दिवशी जेवून हात धुताना तो एवढंच म्हणाला, "रविवारी इंजिन उघडतो. मी स्वतः."

टाचणीच्या ओठांतल्या टाचण्या गळून पडल्या.

चष्मेवाला म्हणजे हाताचा पक्का माणूस. भिंगं घासून घासून त्याला प्रत्येक गोष्ट घासायचीच सवय लागलेली. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले, दुकानातून पॉलिशची पावडर आणि फेल्टची चाकं घरी आणली आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. इंजिनाच्या आत हवा जाते ती वाट खडबडीत असते, सांध्यात कडा पुढे आलेल्या असतात. त्या कानशीने घासायच्या, हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातली काजळी खरवडायची, की गाडीत नवा जोर येतो, असं त्याने टाचणीला समजावून सांगितलं. कार्बोरेटरचा सांधा सगळ्यात आधी उघडायचा, हेही सांगितलं.

"तो सांधा मी उघडते," टाचणी म्हणाली.

"तू?"

"तुमचे हात किती भरलेत! एकट्याने किती करणार? तुम्ही तिकडे हेडचे बोल्ट बघा. हे दोनच तर आहेत."

इतक्या वर्षांत बायकोने गाडीत पहिल्यांदाच रस घेतला होता. चष्मेवाला विरघळला आणि त्याने पाना तिच्या हातात दिला. टाचणीने दोन बोल्ट सैल केले, कार्बोरेटर बाजूला सरकवला आणि वायसर घरंगळून थेट तिच्या तळहातावर आलं. काळंकुट्ट, तेलकट, मधे बोराएवढं भोक. नेमका त्याच क्षणी चष्मेवाला वळला.

खिसा नव्हता, पदर नव्हता, वेळ तर नव्हताच. टाचणीने वायसर तोंडात टाकलं.

"निघालं का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हुं."

"कसा आहे आतून?"

"हुहुहू हुं हुहू."

"खडबडीत ना? वाटलंच मला," चष्मेवाला समाधानाने म्हणाला आणि पुन्हा हेडकडे वळला. टाचण्यांची सवय अशी उपयोगी पडली. टाचणीने बाथरूममध्ये जाऊन वायसर धुतलं, तीन वेळा चूळ भरली आणि ते बटणांच्या डब्यात तळाशी टाकलं. पेट्रोलची चव मात्र दोन दिवस गेली नाही. चहासुद्धा तिला पंपावर प्यायल्यासारखा लागत होता.

पुढचा आठवडाभर चष्मेवाला घासत होता. व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता की हवा आत जाते ती बाजू थोडी खरखरीतच ठेवा, आरसा करू नका. "खरखरीत भिंग मी कधी गिऱ्हाइकाला दिलंय?" असं मोबाइललाच सुनावून त्याने आत दात दिसतील इतकी चकाकी आणली. परिणामी गाडी सकाळी थंडीत सुरू व्हायला नखरे करू लागली. पण एकदा सुरू झाली की काय विचारता! इतक्या वर्षांनी छातीभर श्वास मिळालेलं इंजिन ते. पहिल्याच फेरीत चष्मेवाल्याचे डोळे पांढरे झाले.

"बघितलंस?" तो धापा टाकत म्हणाला. "पॉलिश! सगळी पॉलिशची कमाल!"

"हुं," टाचणी म्हणाली. ह्या वेळी ओठांत खरोखर टाचण्या होत्या.

संध्याकाळी दोघं निघाली. सलूनपाशी चष्मेवाल्याने मान वळवली नाही. गाडी सुसाट वर निघाली, टाचणीची ओढणी फडफडली, सलूनमधला एक जण फेसासकट दारात आला. बाल्कनी जवळ आली. थोरली तिथेच होती. टाचणीने मान ताठ केली आणि वर बघून गोड हसली.

थोरली नुसती बघत राहिली आणि आत निघून गेली. टाचणीला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा आनंद झाला नाही. थोरलीचा तो चेहरा तिला घरापर्यंत टोचत राहिला. आणि वळणावर नवऱ्याने गाडी अशी काही तिरकी घातली की भिंत तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली.

चष्मेवाला आता कुणाला आवरेना. दुकानात चष्मा दुरुस्त करायला आलेल्या म्हाताऱ्यांनाही तो इंजिनाबद्दल सांगू लागला. बातमी थोरल्या दिरांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? शनिवारी सकाळी ते स्वतःची गाडी ढकलत अंगणात आले.

"माझीही करून दे. उद्या उघड. मग बघू कोण पुढे जातं."

"दादा, तुझी गाडी आधीच चांगली आहे."

"कर म्हटलं ना!"

टाचणीने हे ऐकलं आणि ती मनात हिशोब करू लागली. दिरांच्या गाडीत काढायला वायसर नाही. नुसत्या पॉलिशने कितीसा फरक पडणार? भाऊ म्हणेल, मुद्दाम केलं नाहीस. नवऱ्याचं हसं होईल. त्याचा तो फुगलेला आनंद फुटलेला बघणं तिला जड गेलं असतं. तो कितीही बढाया मारत असला तरी आठवडाभर त्याने जीव ओतून काम केलं होतं, ते तिने बघितलं होतं.

दुपारी चष्मेवाला दुकानात असताना थोरली आली. हातात एक ड्रेस. "कमरेत थोडा सैल कर," म्हणाली आणि बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघत म्हणाली, "उद्या ते कार्बोरेटरपण उघडतील का गं?"

टाचणीने कात्री खाली ठेवली. "उघडतील. का, वहिनी?"

"काही नाही. सहज." थोरलीने ड्रेसची बाही चुरगाळली. "तू कुणाला सांगणार नाहीस ना? त्यात एक वायसर आहे. मीच बसवून घेतलंय. भावजींचा हात मोडला तेव्हा. हे दोघं ऐकायला तयार नव्हते गं, मी काय करणार होते? त्या मेकॅनिककाकांच्या हातापाया पडले."

टाचणीने बटणांचा डबा उघडला, तळाशी हात घातला आणि आपलं वायसर थोरलीसमोर ठेवलं.

थोरलीने आधी वायसरकडे बघितलं, मग टाचणीकडे. मग दोघींना असं हसू फुटलं की शेजारची खिडकी उघडली. दोन्ही भाऊ एकदमच मंदावले होते, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती. आणि काका! दोन्ही घरचा चहा पिऊन गप्प राहिले होते.

"म्हणजे तुमचीही गाडी चढत नव्हती?" टाचणीने डोळे पुसत विचारलं.

"दोघांना घेऊन? छे! म्हणून तर मी कधी बसलेच नाही. खाली उतरून सगळ्यांदेखत चालत यायचं, माझ्याच्याने झालं नसतं ते." थोरलीचं हसू ओसरलं. "तू मात्र उतरायचीस आणि सरळ चालत यायचीस. निदान सलूनपर्यंत तरी नवऱ्याच्या मागे बसून यायचीस. मला तेच बघवत नव्हतं. म्हणून बोलायचे काहीबाही."

टाचणीने पाना घेतला. "चला, ह्यांची यायची वेळ झाली."

अंगणात दोघी उकिडव्या बसल्या. टाचणीने सराईतपणे दोन बोल्ट सैल केले. ह्या वेळी वायसर तोंडात टाकायची गरज पडली नाही. दोन्ही वायसरं तिने शिवणाच्या टेबलावर उघडपणे ठेवली. कापड बेतताना ती दाबून धरायला उपयोगी पडतात. चष्मेवाला रोज त्यांच्या शेजारी चहाचा कप ठेवतो, पण त्याने अजून काही विचारलेलं नाही.

थोरल्या दिरांची गाडीही अर्थातच उधळली. "पॉलिश!" चष्मेवाला म्हणाला. "पॉलिश!" थोरले दीरही म्हणाले आणि दोघांनी पुढच्या रविवारची शर्यत ठरवली. सलूनपासून वळणापर्यंत.

वायसरं परत बसवावीत का, ह्यावर दोघी जावांची बरीच खलबतं झाली. थोरली बसवायच्या बाजूची होती. टाचणी म्हणाली, "नको वहिनी. लहान मुलं आहेत का ती? बिचारे किती खूश आहेत. त्यापेक्षा माझ्याकडे दुसरं काहीतरी आहे."

रविवारी सलूनवाला टॉवेल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दोघे भाऊ गाड्या गुरगुरवत होते. केस पांढरे झालेले, हेल्मेटं नवी कोरी. तेवढ्यात दोघी जावा नवे ड्रेस घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून आल्या आणि आपापल्या नवऱ्याच्या मागे बसल्या.

"अगं, शर्यत आहे!" चष्मेवाला कळवळला.

"मग? गाडी चढते ना आता? की उतरू थोडी?"

पुढे भाऊ, शेजारी सलूनवाला, दारात सगळी गिऱ्हाइकं. चष्मेवाल्याला 'उतर' म्हणता येईना. तिकडे थोरल्या दिरांचीही तीच गत.

टॉवेल पडला. गाड्या उसळल्या. पुढच्याच क्षणी चष्मेवाल्याला दंडाजवळ बारीक टोचलं.

"आई गं! काय आहे?"

"टाचणी आहे," ती कानाशी वाकून म्हणाली. "चाळीसच्या वर गेलात की लागते."

शेजारच्या गाडीवरून तस्संच "आई गं!" ऐकू आलं. थोरलीला टाचण्यांची अख्खी डबी दिली होती.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, शहाण्यासारख्या चढ चढू लागल्या. इतक्या हळू, की दोघींना बोलताही येत होतं. थोरलीच्या हेल्मेटमधून सुटलेली बट वाऱ्यावर उडत होती आणि थोरली ती सावरत नव्हती. बाल्कनी आली तेव्हा दोघींनी सवयीने वर बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. दोरीवर एक टॉवेल तेवढा वाळत होता.

"गाडीवर का?" थोरली त्या रिकाम्या बाल्कनीकडे बघून ओरडली. "चालावं बाई, गुडघ्यांना चांगलं असतं!"

टाचणी इतकी हसली की तिच्या हातातली टाचणी पडली. चष्मेवाल्याला ते कळलं. वळण समोर होतं, भिंत समोर होती, भाऊ हातभर मागे होता. त्याने मूठ पिळली नाही. मान अर्धवट मागे वळवून म्हणाला, "नीट धरून बस गं."